पोरांचे ग्रेडर

यवतमाळ जिल्ह्यात एकाच मोसमात दोन वेचण्या होतात. एक कापसाची. दुसरी पोरांची.

कापसाची तुम्हाला ठाऊक आहे. शहरात वाढलेल्या पोरांनाही ठाऊक आहे, निदान आत्महत्यांच्या बातम्यांमुळे तरी. १९७२ साली एकाधिकार कापूस खरेदी आली, तेव्हापासून संकलन केंद्रावर एक माणूस बसायला लागला. ग्रेडर. शेतकरी रात्रभर बंडी हाकत यायचा, दोन-दोन दिवस रांगेत बैलांसकट उपाशी बसायचा, आणि हा साहेब बंडीत हात खुपसून मूठभर कापूस काढायचा. दोन बोटांत चोळायचा. हा सुपर. ही कवडी. सहा महिन्यांच्या मेहनतीचा निकाल एका मुठीत. आणि ज्याची साहेबाशी ओळख, त्याची कवडीही सुपर व्हायची, हे वऱ्हाडातलं शेंबडं पोरगंही सांगेल.

एकाधिकार गेला. ग्रेडर मात्र शिकला-सवरला, त्याने कॉम्प्युटर घेतला, आणि तो पाचवीच्या वर्गात येऊन बसला. आता तो दहा वर्षांच्या लेकराच्या डोक्यात हात खुपसतो.

या दुसऱ्या वेचणीचं सरकारी नाव जवाहर नवोदय विद्यालय निवड परीक्षा. बहुतेक वर्षी ती ऐन हिवाळ्यात, एखाद्या शनिवारी असते. साडेअकरा ते दीड. दोन तास, ८० प्रश्न, १०० मार्क. त्यातले ४० प्रश्न आणि निम्मे मार्क 'मानसिक क्षमते'चे, २० प्रश्न गणिताचे, २० भाषेचे. पेनने गोल काळे करायचे. कागद मशीन तपासतं. अख्ख्या जिल्ह्यातून ८० पोरं निवडायची. यवतमाळ जिल्ह्यात तालुके सोळा. म्हणजे सरासरी तालुक्याला पाच. निवडलेल्यांना घाटंजी तालुक्यात बेलोऱ्याच्या नवोदयात राहणं, जेवण, पुस्तकं, कपडे, प्रयोगशाळा, ग्रंथालय, मैदान, विषयाला शिक्षक. उरलेल्यांना पुन्हा तीच गळकी शाळा.

आणि हेही ऐका : ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. दुसऱ्यांदा बसायचं नाही, नियमच आहे. आमदार पाच वेळा पडून सहाव्यांदा उभा राहू शकतो. पाचवीतलं पोर नाही.

आता या चाळणीखाली झरी जामणी धरून बघू. जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पैनगंगेच्या अलीकडचा तालुका. नदी ओलांडली की तेलंगण. मुकुटबन, पाटण, शिबला, माथार्जुन ही गावं. आणि गावांपासून आणखी आत, रानाच्या कडेला कोलामांचे पोड. तालुक्याच्या पोटात चुनखडी, डोलोमाइट, कोळसा. मुकुटबनला सिमेंटचा अवाढव्य कारखाना उभा राहिला. जमिनीच्या आत काय दडलंय हे शोधायला इथे सरकारने इंच न् इंच भोकं पाडून पाहिलं. वर चालणाऱ्या पोरांत काय दडलंय हे बघायला मात्र वर्षातून दोन तास, आणि तेही जो अर्ज भरील त्याच्यासाठी.

अर्ज भरील त्याच्यासाठी. इथेच खरी गोम आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

अर्ज फुकट आहे, कबूल. पण तो ऑनलाइन आहे. त्यावर मुख्याध्यापकाच्या सहीशिक्क्याचा दाखला चढवावा लागतो. रहिवासाचा पुरावा लागतो. पोराने तिसरी, चौथी आणि पाचवी, प्रत्येक इयत्ता पूर्ण वर्षभर मान्यताप्राप्त शाळेत काढलेली असली पाहिजे. वाचायला किती साधं! आता हेच पोडावर लावा. पोडावरची शाळा बहुधा चौथीपर्यंत. पाचवीला पोर एकतर मैल-दोन मैल तुडवत मोठ्या गावात जाणार, नाहीतर आश्रमशाळेत. चौथीपर्यंतच्या गुरुजींना त्याचं डोकं ठाऊक असतं, पण अर्ज पाचवीतून जातो, आणि पाचवीचे मास्तर त्याला जूनपासून ओळखतात, तेही ओळखत असले तर. मायबाप मजुरीला कुठे बाहेर गेले आणि त्याने एखाद्या वर्षी शाळेत खाडा केला, तर त्याचं 'पूर्ण वर्ष' तिथेच बाद. साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक हा २००९ च्या कायद्याचाच हिशेब. त्या दोघांत चार इयत्ता, खिचडी, मतदारयादी, सर्वेक्षण. त्यातल्या एकाने रात्री मोबाइलची रेंज शोधत झाडाखाली उभं राहून कोलामाच्या पोराचा अर्ज भरावा, ही अपेक्षा. काही मास्तर भरतातही. त्यांना आपला जय भीम. पण एखाद्या मास्तरच्या चांगुलपणावर लेकराचं नशीब टांगायचं असेल, तर त्याला परीक्षा म्हणू नका, लॉटरी म्हणा. आणि लॉटरीसुद्धा बरी, तिच्यात चिठ्ठी तरी सगळ्यांची टाकतात.

मास्तर कोणाचं नाव आपणहून सुचवतो? जो पहिल्या बाकावर बसतो त्याचं. जो शुद्ध बोलतो त्याचं. ज्याचा बाप शाळा समितीच्या मीटिंगला पांढरा सदरा घालून येतो त्याचं. ज्याने तिसरीपासून वणी-पांढरकवड्याला 'नवोदय स्पेशल' क्लास लावला, त्याचं तर काही विचारायलाच नको. मास्तर दुष्ट असतो असं नव्हे. त्याच्या डोळ्यांत हुशार पोराचं जे चित्र शेकडो वर्षांपासून बसवलंय, ते चित्र तो वर्गात शोधतो. ते चित्र कोणाच्या घरातून आलं, हे मी सांगायला पाहिजे का?

हा काही झरीपुरता रोग नाही. ज्या अमेरिकेतल्या काळ्या पँथरांकडून आपण १९७२ साली नाव घेतलं, तिथलंच उदाहरण घ्या. फ्लोरिडा राज्यातल्या ब्रॉवर्ड काउंटीत 'गिफ्टेड' मुलांचे वेगळे वर्ग होते. शिक्षकाने किंवा आईबापाने नाव सुचवलं तरच पोराची तपासणी व्हायची. काळी आणि स्पॅनिश बोलणाऱ्या गरिबांची पोरं त्या वर्गांत औषधालाही नसायची. सगळे म्हणायचे, काय करणार, गुणवत्ताच नाही. २००५ साली तिथल्या शाळाखात्याने एक साधी गोष्ट केली. दुसरीतल्या सगळ्या पोरांना, न विचारता, शाळेच्याच वेळात, चाचणी दिली. कसोटी तीच, पात्रतेची रेघ तीच, एक मार्क खाली आणला नाही. आणि काळ्या, गरीब पोरांची संख्या एकदम चढली. डेव्हिड कार्ड आणि लॉरा ज्युलियानो या दोघांनी याचा अभ्यास २०१६ साली छापला. त्यातल्या कार्डला २०२१ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, म्हणजे हा कुठल्या झेंडेवाल्याचा शोध नव्हे. पुढे मंदी आली, पैसा नाही म्हणून सर्वांची चाचणी बंद झाली, आणि दरी पुन्हा होती तशी झाली. एवढ्या वर्षांत पोरांची डोकी बदलली होती का? फक्त दार कोण उघडतं ते बदललं होतं.

चला, अर्ज भरला. आपलं पोर केंद्रावर पोचलं. आता पेपर.

कोलामाचं पोर घरी पाण्याला 'ईर' म्हणतं. त्याची भाषा मराठीची बोली नाही. ती द्राविडी कुळातली, तेलुगू-गोंडीच्या नात्यातली. एमेनो नावाच्या प्राध्यापकाने १९५५ साली कॅलिफोर्नियातून तिच्यावर ग्रंथ छापला. कॅलिफोर्नियाला कळली, मंत्रालयाला कळली नाही. शाळेत पाऊल टाकलं त्या दिवशी हे पोर परदेशात गेलं. पाच वर्षांत ते मराठी शिकतं, गावात बंजारा पोरांबरोबर थोडी गोरमाटी, बाजारात तेलुगू. दहाव्या वर्षी तीन-चार भाषांत बाजारहाट करणाऱ्या पोराला तुम्ही हुशार म्हणाल की नाही? पेपर म्हणत नाही. पेपरात त्याला मराठी उतारा देतात आणि उताऱ्याखालच्या प्रश्नांत तो सदाशिव पेठेतल्या पोराशी, निदान यवतमाळच्या वकिलाच्या पोराशी, समान आहे असं धरून चालतात. आणि भाषेची सोय करता येत नाही असंही नाही. हीच परीक्षा गारो, खासी, मिझो, बोडो या भाषांत देता येते. तिथे भाषेमागे राज्य आहे, आमदार आहेत, आंदोलनं आहेत. कोलामी, गोंडी, भिली, कोरकू यांच्यामागे कोण आहे? म्हणून त्यांचा पेपर नाही. गुणवत्तेची भाषा कोणती, हे विधानसभेत ठरतं.

मग शहाणे म्हणतात, अहो निम्मे मार्क तर आकृत्यांचे. तिथे भाषा नाही, जात नाही, सगळे सारखे. आरशातली प्रतिमा ओळखा, घडी घातलेल्या कागदाला भोक पाडलं तर उलगडल्यावर कसं दिसेल, या ओळीत पुढची आकृती कोणती. ठीक. आता मला सांगा, बांबूच्या काड्या चिरून टोपली, सूप, तट्टा विणणाऱ्या कोलामाच्या लेकराइतकी आकृतीची जाण कोणाला असेल? एक काडी वर, दोन खाली, कोपऱ्यावर वळण, तळ गोल आणि तोंड चौकोनी, हे सगळं त्याच्या बोटांत आहे. पण ते बोटांत आहे, छापील चौकटीत नाही. चार पर्यायांतून मिनिटभरात एक गोल काळा करायचा, चुकला तर पुढे सरकायचं, वेळ वाटून घ्यायचा, ही स्वतंत्र विद्या आहे आणि ती विकत मिळते. गाइड मिळतात, सराव संच मिळतात, क्लासवाले वर्ष-वर्ष त्याच आकृत्या घोटून घेतात. घोटून येते तिला तुम्ही जन्मजात प्रज्ञा म्हणता, आणि जी घोटलेली नाही ती तुम्हाला दिसतच नाही.

'प्रज्ञाशोध', 'प्रज्ञावान विद्यार्थी'. हा शब्दसुद्धा यांनी पळवला. प्रज्ञा, शील, करुणा, यांतली पहिली ती आपली. तिला यांनी मार्कलिस्टवर चिकटवलं.

हा आकृत्यांचा खेळ आला कुठून तेही बघू. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि सायमन या दोघांनी पहिली बुद्धिमापन चाचणी केली. कशासाठी? शाळेत मागे पडणारी पोरं ओळखून त्यांना जादा मदत द्यावी म्हणून. बुद्धी जन्माने ठरलेली, वाढतच नाही, असं म्हणणाऱ्यांवर बिने उघड चिडलेला होता. १९११ साली तो मेला. त्याची चाचणी अमेरिकेत स्टॅनफर्डच्या टर्मनच्या हाती लागली आणि १९१६ साली तिची तलवार झाली. मेक्सिकन, रेड इंडियन आणि काळ्या पोरांचा मंदपणा वंशातच दिसतो, त्यांना वेगळ्या वर्गांत टाकावं, असं या टर्मनने पुस्तकात लिहून ठेवलं. मनूला जे करायला स्मृती लिहावी लागली, ते याने तक्त्यांनी केलं. १९२१ पासून त्याने कॅलिफोर्नियातली हजारावर 'प्रतिभावान' पोरं वेचली. पहिली चाळणी, अर्थातच, मास्तरांनी सुचवलेली नावं. गंमत अशी की त्याच्या चाळणीतून दोन पोरं खाली पडली, त्यांची नावं लुइस अल्वारेझ आणि विल्यम शॉकली. दोघांनाही पुढे पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. वेचलेल्या हजारांत एकालाही नाही. (या शॉकलीचं डोकं पुढे इतकं फिरलं की तोच काळ्यांची बुद्धी कमी म्हणून गावोगाव सांगत हिंडला. स्वतः कवडी ठरलेला माणूस ग्रेडर व्हायला किती आतुर असतो बघा. आपल्यातही असे आहेत. नावं तुम्हीच घाला.)

आपल्याकडे व्ही. व्ही. कामतांनी तीच बिनेची चाचणी कानडी आणि मराठीत आणली, १९४० साली त्यावर पुस्तक आलं, आणि तिची आवृत्ती आजही दवाखान्यांत वापरतात. पुण्यात १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी निघाली, १९६९ साली तिची प्रशाला. बुद्धिमापनाच्या चाचण्या लावून पाचवीला पोरं घ्यायची आणि त्यांतून राष्ट्राचं नेतृत्व घडवायचं. त्या लोकांनी पुढे खेड्यांत काम केलं, लातूरच्या भूकंपानंतर हराळीला शाळा काढली, ते मी नाकारत नाही. पण देशाचं नेतृत्व कुठल्या पेठेत उगवतं याबद्दलचा त्यांचा आत्मविश्वास बघून आपण थक्क व्हावं.

अमेरिकेतली काळी माणसं गप्प बसली नाहीत. रॉबर्ट विल्यम्स नावाच्या काळ्या मानसशास्त्रज्ञाने १९७२ साली उलटी चाचणी बनवली. सगळे शब्द काळ्यांच्या वस्तीतले. गोरी पोरं धडाधड नापास. मुद्दा सिद्ध. १९७९ साली कॅलिफोर्नियाच्या कोर्टाने निकाल दिला की काळ्या पोरांना बुद्ध्यंक मोजून मतिमंदांच्या वर्गात ढकलायचं नाही. आपल्याकडे असली चाचणी करायला कोणी बसलं तर? मोहाच्या फुलांचा हंगाम, सालगड्याच्या करारातली फसवणूक, सावकाराचं व्याज तोंडी काढणं, बांबू कुठल्या महिन्यात तोडला तर कीड लागत नाही. शंभर मार्क. यवतमाळ शहरातल्या क्लासची पोरं बसवा.

आता मूळ प्रश्नाला येतो. समजा चाळणी निर्दोष केली. कोलामीत पेपर दिला, सगळ्यांना बसवलं. तरी ८० च. तरी तालुक्याला पाच. बाकीच्या हजारोंचं काय?

याचं उत्तर त्यांच्याकडे दीडशे वर्षं एकच आहे : झिरपणी. मेकॉलेने १८३५ साली सांगितलं, वरच्या थोड्यांना शिकवा, ते खालच्यांना देतील. जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे याची सालटी काढली. सरकारी तिजोरी भरते शेतकऱ्याच्या घामाने आणि शिक्षणाचा पैसा जातो वरच्या जातींच्या पोरांवर. आधी निदान बारा वर्षांपर्यंत सगळ्या पोरांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी. बारा वर्षांपर्यंत सगळ्यांना! आणि आमचं सरकार शंभर वर्षांनी दहाव्या वर्षीच वेचणी सुरू करतं. साठच्या दशकात महाराष्ट्राने औरंगाबाद, धुळे, अमरावती, पुसेगाव इथे विद्यानिकेतनं काढली, खेड्यातल्या हुशारांसाठी. देशातली पहिली दोन नवोदयं १९८५-८६ साली निघाली, एक हरियाणात झज्जरला, दुसरं इथे आपल्या शेजारी अमरावतीला. १९८६ च्या शैक्षणिक धोरणाने ती देशभर नेली. नवोदयाने आसपासच्या शाळांना गती द्यायची, असं तेव्हाच कागदावर लिहिलं होतं. आज देशात साडेसहाशेच्या वर नवोदयं आहेत. चाळीस वर्षं झाली. बेलोऱ्याच्या प्रयोगशाळेतून माथार्जुनच्या शाळेत काय झिरपलं? एखादी परीक्षानळी तरी?

राखीव जागा आहेत ना, असं कोणी म्हणेल. आहेत. जिल्ह्यातल्या लोकसंख्येच्या प्रमाणात. यवतमाळात आदिवासी साधारण अठरा टक्के, म्हणजे चौदा-पंधरा जागा. त्यात गोंड, परधान, आंध, कोलाम, सगळे एकाच पोत्यात. १९७५ नंतर सरकारनेच कोलामांना 'आदिम जमात' ठरवलं, महाराष्ट्रात अशा तीनच : कोलाम, कातकरी, माडिया गोंड. सगळ्यात मागे आहेत असं लिहून दिलं, आणि शर्यतीत मात्र सगळ्यांच्याच रेषेवर उभं केलं. पंधरा जागांसाठी एका आदिवासीला दुसऱ्या आदिवासीशी झुंजवायचं, आणि वर आपण समाजकल्याण केलं म्हणून मिरवायचं.

आता आपल्याच घरातला आक्षेप. वस्तीवर, बुद्धविहारात, कुठेही हा विषय काढला की कोणीतरी दादा उठून म्हणतोच : बाबासाहेब स्वतः हुशार होते म्हणून सयाजीरावांनी १९१३ साली स्कॉलरशिप देऊन अमेरिकेला पाठवलं, निवड झाली म्हणून तर आपल्याला बाबासाहेब मिळाले. दादा, बरोबर. पण ज्याला निवडलं त्याने परत येऊन काय केलं ते बघ. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज. १९५० साली औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच पुढे मिलिंद झालं. त्या नागसेनवनात मराठवाड्यातलं, निजामाच्या राजवटीत अक्षरसुद्धा न दिसलेलं पोर आलं, आणि त्याला कोणी आरशातली प्रतिमा ओळखायला लावली नाही. ये म्हटलं. हॉस्टेल दिलं, पुस्तक दिलं. तिथून कवी निघाले, प्राध्यापक निघाले, आपली चळवळ निघाली. ज्या माणसाकडे जगातल्या कोणाहीपेक्षा 'प्रज्ञावंतांची शाळा' काढायचा अधिकार होता, त्याने ती काढली नाही.

दुसरा आक्षेप जास्त जवळचा आहे. हे वाचणाऱ्यांत नवोदयातून आलेले असतीलच. तुम्हाला वाटेल हा आम्हालाच शिव्या देतो. नाही मित्रा. तू पास झालास यात तुझा गुन्हा नाही. पण तुला तिथे काय भोगावं लागलं तेही कोणी विचारत नाही. २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत देशातल्या नवोदयांत ४९ पोरांनी जीव दिला. त्यातली जवळपास निम्मी दलित-आदिवासी. २०१८ च्या डिसेंबरात हे पेपरात आलं. तोवर कोणाला हिशेब मांडावासा वाटला नव्हता. दहा वर्षांच्या लेकराला मायच्या कुशीतून, पोडातून, भाषेतून उचलायचं, तू बाकीच्यांपेक्षा वेगळा म्हणून सांगायचं, आणि एकटं पाडायचं. वेचलेल्या बोंडाला पऱ्हाटी आठवत नाही असं यांना वाटतं. आणि तुझ्या बाकाशेजारी बसणारा, जो तुझ्यापेक्षा गणितात पुढे होता आणि ज्याचा अर्जच भरला गेला नाही, तो आज काय करतो? त्याला कोणी नापास केलं नाही. त्याला कोणी तपासलंच नाही.

आणि कायदा काय म्हणतो? २००९ चा शिक्षण हक्क कायदा, कलम १३ : प्रवेश देताना कुठल्याही शाळेने पोराची किंवा आईबापाची छाननी करायची नाही. चिठ्ठ्या टाकून निवडा. दुसरी कुठलीही पद्धत म्हणजे छाननी. पहिल्यांदा केली तर २५ हजार दंड, नंतर दर खेपेला ५० हजार. बालवाडीसाठी आईबापाची मुलाखत घेणाऱ्या खासगी शाळेला हे कलम लागतं. त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात नवोदय 'विनिर्दिष्ट प्रवर्गा'त बसवलंय आणि त्याची छाननी सरकारी डामडौलात सुरू आहे. स्वतःच्या कायद्यातून स्वतःलाच सुटका.

त्यावर कडी बघा. याच महाराष्ट्रात २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या 'समूह शाळा' करायचं घाटत होतं. अशा शाळा राज्यात जवळपास पंधरा हजार. वीसपेक्षा कमी पट कुठे असतो? पोडावर, तांड्यावर, पाड्यावर, डोंगरात. म्हणजे खाली चौथीपर्यंतची शाळा उचलायची आणि वर हुशारांच्या शाळेला रंग मारायचा. पीएम श्रीची २०२२ ची योजना तेच शाळांच्या बाबतीत करते : देशातल्या दहा लाखांहून जास्त सरकारी शाळांतून साडेचौदा हजार निवडायच्या आणि त्या 'आदर्श' करायच्या. आधी पोरांचा ग्रेडर होता, आता शाळांचाही आला. २०२० च्या धोरणातही प्रतिभावान पोरांसाठी जादा सोयींचे परिच्छेद आहेत. वाचून बघा, कोलामांच्या पोडावर शाळाच राहिली नाही तर ती प्रतिभा कुठल्या वर्गात शोधायची, ते त्यात सापडतं का सांगा.

मग नवोदय बंद करा असं मी म्हणतोय का? मूर्ख आहे का मी! जे नवोदयात आहे ते आश्रमशाळेत द्या. विषयाला शिक्षक द्या, ग्रंथालय द्या, रात्री दिवा द्या, पहिलीपासून कोलामी बोलणारा एक माणूस द्या, त्यातल्याच पोडातला बारावी झालेला पोरगा किंवा पोरगी. पोडावरची शाळा एकाही पोरासाठी बंद करायची नाही. आणि जोवर हे होत नाही आणि तुम्हाला वेचणीच करायची आहे, तोवर फ्लोरिडावाल्यांसारखी सगळ्यांची करा : जिल्ह्यातल्या पाचवीतल्या प्रत्येक पोराचं नाव शाळेच्या हजेरीपटावरून आपोआप परीक्षेला जाऊ द्या, अर्जबिर्ज काही नको, परीक्षा त्याच्याच शाळेत, पेपर त्याच्या भाषेत, आणि 'एकदाच'चा नियम रद्द.

यात आपण पुण्या-मुंबईत, नागपुरात बसून काय करणार, असं विचाराल. १९७३ च्या जाहीरनाम्यात दलित या शब्दात आदिवासी होते, हे आपल्यातले बरेच जण विसरलेत. काम तसं सोपं आहे. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. दहा रुपये फी भरून जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला, पांढरकवड्याच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयाला आणि नवोदयाला अर्ज टाकायचा. गेल्या पाच वर्षांत झरी जामणी तालुक्यातल्या कोणकोणत्या शाळेतून नवोदयाचे किती अर्ज गेले. त्यात कोलाम किती, पोरी किती. किती जण परीक्षेला पोचले. किती निवडले गेले. पाचवीत असून ज्यांचा अर्ज गेला नाही अशी पोरं किती, शाळावार. एकेका गटाने एकेक तालुका घ्यावा. सोळा तालुके आहेत, सोळा गट पुरतील. झरीचा अर्ज आधी टाका. उत्तरं आली की आकडे इथेच छापू, शाळांच्या नावांसकट.